फोटोंची लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर हलवायची आहे. लॅपटॉपवरची मूळ प्रत केव्हा पुसावी?

कंदीलपुष्प, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे आणि गेली अठरा-एकोणीस वर्षे अंजनेरी, ब्रह्मगिरी व आसपासच्या पठारांवरील पावसाळी वनस्पतींची छायाचित्रे काढत आले आहे. ही सर्व छायाचित्रे माझ्या मॅकबुकवरील फोटोज या ॲपमध्ये आहेत. संख्या सुमारे ४१,२०० असून लायब्ररीचा आकार ३८६ जीबी दिसतो. लॅपटॉपची क्षमता ५१२ जीबी असल्यामुळे आता जेमतेम ११ जीबी जागा उरली आहे. सेरोपेजिया अंजनेरिका, म्हणजे आपले अंजनेरीचे कंदीलपुष्प, पावसाळ्यात फुलते आणि त्याआधी मला कॅमेऱ्यातील कार्डे रिकामी करता आली पाहिजेत.

यासाठी मी १ टीबीची एक एसएसडी नव्याने विकत घेतली. घरात २ टीबीची एक जुनी हार्ड डिस्कही आहे. ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असून विंडोजच्या काळापासूनचे बरेच साहित्य तिच्यात पडून आहे. लायब्ररी एसएसडीवर हलवावी आणि लॅपटॉपवरून पुसून टाकावी, म्हणजे जागाही होईल आणि बॅकअपही होईल, असा माझा बेत होता. परवा संध्याकाळी मी लायब्ररीचे चिन्ह ओढून एसएसडीवर टाकले. दोन तासांत साधारण २१२ जीबी मजकूर गेला, तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणून मी निर्धास्तपणे त्याचे झाकण मिटून स्वयंपाकघरात गेले. रात्री पाहिले तर कॉपी करणे अर्धवट थांबल्याचा संदेश आला होता, पण एसएसडीवर मात्र त्याच नावाची आणि तशाच चिन्हाची लायब्ररी दिसत होती. ती अर्धी आहे हे मला केवळ आकारावरून कळले.

एरवी मी हे सारे स्वतःच निस्तरले असते, परंतु प्रत्येक छायाचित्राला मी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ठिकाण आणि दिनांक असे शीर्षक व कीवर्ड दिलेले आहेत, आणि ते काम छायाचित्रे काढण्यापेक्षाही अधिक वेळखाऊ होते. छायाचित्रे आली आणि नावे हरवली, तर माझ्या दृष्टीने ती लायब्ररी गेल्यातच जमा आहे. तेव्हा योग्य क्रम कोणता आणि मूळ प्रत पुसणे केव्हा सुरक्षित मानावे, हे कृपया कोणी सांगेल का?

—

अंबडची रात्रपाळी

मॅडम, मूळ प्रत अजून पुसलेली नाही ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. एसएसडीवरची अर्धी प्रत दुरुस्त करत बसू नका. ती पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करा.

नवीन एसएसडी दुकानातून येते तेव्हा ती बहुधा एक्सफॅट असते, कारण ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी अशी कंपन्यांची अपेक्षा असते. फोटोजच्या लायब्ररीला मात्र ती चालत नाही. दिसायला ती एक फाइल असली तरी प्रत्यक्षात ती हजारो फाइलींचे एक गाठोडे आहे आणि तिच्या आत एक डेटाबेस सतत लिहिला-वाचला जात असतो. म्हणून ॲपलने बाहेरच्या डिस्कसाठी एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड हेच प्रकार सांगितले आहेत. शिवाय एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधीच केलेली नोंद, नसते, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निघाली तर नुकसान होण्याचा धोका वाढतो. डिस्क युटिलिटी उघडा, व्ह्यू मेनूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा (हे न केल्यास डिस्कऐवजी तिच्या आतला फक्त एक भाग दिसतो आणि येथेच अनेकांची गफलत होते), सर्वांत वरची ओळ निवडून इरेज करा, प्रकार एपीएफएस आणि स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप ठेवा. इरेज करण्यापूर्वी डिस्कचे नाव दोनदा वाचा. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि स्वतः एकदा वाचले नव्हते म्हणूनच सांगतो.

दोन तासांत २१२ जीबी म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० एमबी. एसएसडीच्या मानाने हा वेग फारच कमी आहे, तो यूएसबी २ चा वेग झाला. आपण बहुधा एखाद्या जुन्या हबमधून किंवा चार्जिंगच्या केबलने डिस्क जोडली असावी. डिस्कसोबत आलेली केबल वापरा आणि ती थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि झाकण उघडेच राहू द्या. झाकण मिटले की यंत्र झोपते आणि कॉपी तेथेच अडकते. वीज गेल्याने आपली कॉपी थांबलेली नाही, झाकण मिटल्याने थांबली.

फोटोज ॲप पूर्ण बंद करून लायब्ररी कॉपी करा. कॉपी संपल्यावर लगेच ॲप उघडू नका, कारण लायब्ररी नुसती उघडली तरी तिच्या आतल्या काही फाइली बदलतात आणि मग दोन प्रतींची तुलना निरर्थक होते. आधी दोन्ही प्रतींवर ‘शो पॅकेज कंटेंट्स’ करून आतील ‘ओरिजिनल्स’ हा फोल्डर पाहा. आत काहीही हलवायचे नाही की नाव बदलायचे नाही, केवळ पाहायचे. टर्मिनलमध्ये डिफ नावाची आज्ञा आहे. तिला आर आणि क्यू हे दोन पर्याय जोडून दोन्ही ‘ओरिजिनल्स’ फोल्डरांचे मार्ग दिले, की ती प्रत्येक फाइल आतून ताडून पाहते आणि जेथे फरक असेल तेवढीच ओळ छापते. काहीच न छापता ती संपली, तर दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत.

त्यानंतर ऑप्शन कळ दाबून ठेवून फोटोज उघडा, एसएसडीवरची लायब्ररी निवडा, एकूण संख्या आणि आपली शीर्षके तपासा आणि सेटिंग्जच्या जनरल भागात ‘यूज ॲज सिस्टम फोटो लायब्ररी’ हे बटण दाबा. आपण आयक्लाउड फोटोज वापरता का, हे कृपया कळवा. त्यात ‘ऑप्टिमाइज मॅक स्टोरेज’ चालू असेल तर लॅपटॉपवर काही छायाचित्रांच्या केवळ लहान आवृत्त्या असू शकतात, आणि मग लायब्ररीची कॉपी म्हणजे मूळ छायाचित्रांची कॉपी ठरत नाही.

बॅकअपसाठी ती जुनी २ टीबी डिस्क फॉरमॅट करून टाइम मशीनला, म्हणजे मॅकमधील बॅकअपच्या सोयीला, द्या. फक्त टाइम मशीनच्या ऑप्शन्समध्ये जाऊन वगळलेल्या डिस्कांच्या यादीत आपली एसएसडी आहे का ते पाहा. असल्यास तेथून काढा, अन्यथा लॅपटॉपचा बॅकअप होत राहील आणि छायाचित्रांचा होणार नाही.

—

छायाघर, पंचवटी

वरील उत्तर जवळजवळ सर्व मान्य आहे, परंतु शेवटच्या परिच्छेदापाशी मी मॅडमना थांबवू इच्छितो. जुनी डिस्क अजून फॉरमॅट करू नका.

फोटोजच्या सेटिंग्जमध्ये, आयात करताना फाइली लायब्ररीत कॉपी कराव्यात की नाही, असा एक पर्याय असतो. कोणे एके काळी तो बंद असेल, तर त्या काळातील छायाचित्रे लायब्ररीत नसतातच; ती जेथे होती तेथेच राहतात आणि लायब्ररी त्यांच्याकडे नुसते बोट दाखवते. पडद्यावर लघुचित्र व्यवस्थित दिसत असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला संशयही येत नाही. आपल्याकडे विंडोजच्या काळातील साहित्याची डिस्क आहे असे वाचले तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती जुनी डिस्क जोडा, फाइल मेनूतून नवा स्मार्ट अल्बम तयार करा आणि ‘फोटो – इज – रेफरन्स्ड’ अशी अट घाला. अल्बम रिकामा आला तर उत्तम. ‘ओरिजिनल्स’ची तुलना कितीही चोख केली तरी हा दोष तिच्यात सापडणार नाही, कारण जे मुळातच त्या फोल्डरात नाही ते दोन्ही प्रतींत सारखेच नसणार.

दुसरे असे की, हलवणे आणि बॅकअप ही दोन वेगळी कामे आहेत आणि आपल्या मूळ बेतात ती एकच झाली आहेत. लॅपटॉपवरून पुसल्यानंतर एसएसडीवरची प्रत हीच मूळ प्रत होते. तिची दुसरी प्रत कोठे नसेल तर आपण बॅकअप केलेला नसतो, फक्त घर बदललेले असते. हे मी ऐकीव सांगत नाही. मागील सिंहस्थात, २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला मी पहाटेपासून रामकुंडावर होतो. चार कार्डे भरली. रात्री ती सर्व एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवली आणि दुसऱ्या पर्वणीच्या तयारीसाठी कार्डे तत्परतेने कोरी करून ठेवली. पुढे एका सकाळी स्कूटरच्या डिकीतून बॅग काढताना ती डिस्क निसटून फरशीवर पडली. उंची कमरेएवढीही नव्हती. घरी येऊन जोडली तेव्हा तिच्यातून टक्, टक्, टक् असा एकसारखा आवाज येऊ लागला आणि पडद्यावर काहीच आले नाही. तो आवाज आला की डिस्क त्याच क्षणी काढून ठेवावी. मी मात्र ‘एकदा पाहू’ म्हणत पाच-सहा वेळा जोडली, आणि जे वाचले असते त्यातलेही काही त्यामुळे गेले असावे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने बरीच छायाचित्रे काढून दिली, पण फोल्डर नाहीत, फाइलींची नावे नाहीत, नुसते क्रमांक. आपण नावांविषयी लिहिले आहे म्हणून हे सांगितले.

पीटर क्रो या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम आमच्या व्यवसायात बहुतेकांना पाठ असतो, पाळणारे थोडे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. यातील कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क पसंत करतो. एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या इलेक्ट्रॉनिक भागांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून, तिची लेखनक्षमता संपत आल्यावरही, ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवण्याची अपेक्षा धरलेली आहे. नवी डिस्क त्याहून पुष्कळ अधिक टिकवते हे खरे, तरी ती तीन-चार वर्षे विसरून जाण्याची वस्तू नव्हे. रोजच्या कामाला एसएसडी, ठेवणीला हार्ड डिस्क, आणि दोन्ही सहा महिन्यांतून एकदा जोडून पाहाव्यात.

—

कंदीलपुष्प, इंदिरानगर, नाशिक

छायाघर, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही. स्मार्ट अल्बम केला आणि त्यात १,८७० छायाचित्रे आली. ही सर्व माझ्या जुन्या पारदर्शिकांची, म्हणजे स्लाइड्सची, स्कॅन केलेली चित्रे आहेत. एका माजी विद्यार्थ्याने ती मला स्कॅन करून त्या जुन्या डिस्कवर दिली होती आणि मी ती तेथूनच फोटोजमध्ये ओढली होती. प्रत्येक टिफ फाइल साधारण ६० एमबीची आहे. एकूण ११२ जीबी होतात आणि त्यांतील एकही लायब्ररीत नाही. मूळ पारदर्शिकांपैकी निम्म्या बुरशीने खराब झाल्यामुळे मी टाकून दिल्या आहेत, म्हणजे ती डिस्क फॉरमॅट केली असती तर परतीची वाट उरली नसती.

आयक्लाउड फोटोज मी वापरत नाही. फोनमधील छायाचित्रेही केबलनेच घेते. हब जुना होता, हे निदान अगदी बरोबर निघाले.

आता या १,८७० चित्रांचे काय करावे?

—

अंबडची रात्रपाळी

मॅडम, जुनी डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला मी मागे घेतो. तिच्यात काय आहे हे न विचारताच तो दिला, ही माझी चूक झाली.

लायब्ररी एसएसडीवर हलवून तेथून व्यवस्थित उघडू लागली, की जुनी डिस्क जोडून ठेवा, त्या स्मार्ट अल्बममधील सर्व चित्रे निवडा आणि फाइल मेनूतील ‘कन्सॉलिडेट’ हा पर्याय घ्या. त्याने मूळ फाइलींची प्रत लायब्ररीच्या आत येते आणि जुन्या डिस्कवरील फाइली जागच्या जागी राहतात. शीर्षके आणि कीवर्ड यांना धक्का लागत नाही. हे काम लॅपटॉपवरील लायब्ररीत करू नका, कारण तेथे ११ जीबीच जागा आहे. अल्बम रिकामा झाला की काम पुरे झाले असे समजा. ३८६ आणि ११२ मिळून ४९८ जीबी होतात, म्हणजे आपल्या १ टीबीत ते आरामात बसतात आणि पुढील काही पावसाळ्यांचीही सोय होते.

टाइम मशीनसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यावीच लागेल, निदान २ टीबीची. एसएसडीच्या उरलेल्या जागेत टाइम मशीन बसवण्याचा मोह होईल, पण एकाच डिस्कवर मूळ आणि बॅकअप ठेवण्यात अर्थ नाही, आणि फोटोजची लायब्ररी टाइम मशीनच्या डिस्कवर ठेवू नये असे ॲपलनेही सांगितले आहे.

—

सराफ बाजार

वरील चर्चेत ‘घराबाहेर एक प्रत’ हे एका ओळीत येऊन गेले, त्यावर थोडे लिहितो, कारण आमच्या भागात तो केवळ नियम राहिलेला नाही. नाशिककर पुराची उंची मीटरमध्ये मोजत नाही. पाणी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, हे विचारतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासा झाला आणि पाणी आमच्या बाजारात शिरले. संगणक, त्याखालची यूपीएस आणि शेजारच्या खणातील बॅकअपची डिस्क या तिन्ही वस्तू एकाच वेळी, एकाच गढूळ पाण्यात होत्या. कॉपी रोज होत होती आणि तपासलेलीही होती, पण दोन्ही प्रतींमध्ये दीड हाताचे अंतर होते. इंदिरानगरला गोदावरी येणार नाही हे मान्य, परंतु चोरी आणि शॉर्ट सर्किट यांना पूररेषा नसते.

बाहेर ठेवायच्या प्रतीसाठी एक सुचवतो. ती फोटोज ॲपवर अवलंबून नसावी. फाइल मेनूतील एक्स्पोर्टमध्ये ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ आहे. त्यातील आयपीटीसी माहिती एक्सएमपी म्हणून द्यावी, ही चौकट भरली की शीर्षके आणि कीवर्ड प्रत्येक चित्राशेजारी छोट्या फाइलीत उतरतात. ही प्रत एक्सफॅट डिस्कवर ठेवली तरी चालते आणि ती कोणत्याही संगणकावर वाचता येते. आपण ॲपमध्ये केलेले रंगाचे वा कातरण्याचे बदल मात्र तिच्यात येत नाहीत. ४१,००० चित्रे एका दमात न काढता वर्षवार काढा, म्हणजे मध्येच काही अडले तर कोठे अडले ते कळते.

आणि एक अवांतर, पण आपल्या विषयाशी जवळचे. फोनने काढलेल्या छायाचित्रांत अक्षांश-रेखांश असतात आणि मूळ फाइलींच्या प्रतीत ते तसेच जातात. दुर्मीळ कंदीलपुष्पाचा नेमका ठावठिकाणा असलेली डिस्क कोणाच्या हाती द्यायची, याचा विचार करावा. विद्यार्थ्यांना प्रती द्यायच्या असतील तर साधे एक्स्पोर्ट वापरून ‘लोकेशन इन्फर्मेशन’ची खूण काढून टाका.

—

छायाघर, पंचवटी

सराफ बाजार यांनी सुचवलेल्या प्रतीसाठी ती जुनी २ टीबी डिस्कच वापरता येईल, कारण ती एक्सफॅट आहे आणि स्लाइड्स तिच्यात आधीच आहेत. फक्त ती किती वर्षांची आहे हे लक्षात घ्या. तिच्यावर भिस्त ठेवून बाकीच्या दोन प्रतींत ढिलाई करू नये, आणि घराबाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यावरील पंचवीस-तीस फाइली पूर्ण आकारात उघडून पाहाव्यात. लघुचित्रावर विश्वास ठेवू नका. बिघडलेल्या फाइलचे लघुचित्रही कधीकधी सुरेख दिसते.

—

कंदीलपुष्प, इंदिरानगर, नाशिक

काम पूर्ण झाले, म्हणून पुढे कोणाला उपयोग व्हावा यासाठी नोंदवून ठेवते.

एसएसडी एपीएफएस करून, सोबतची केबल थेट लॅपटॉपला लावून कॉपी केली. या वेळी ३८६ जीबीला सुमारे पन्नास मिनिटे लागली. टर्मिनलचे मला भय वाटत होते, पण फोल्डर ओढून त्या खिडकीत टाकला की त्याचा मार्ग आपोआप लिहिला जातो हे कळल्यावर ते गेले. तुलना बराच वेळ चालली आणि एकही ओळ न छापता संपली. प्रथम मला वाटले की काही झालेच नाही, मग रात्रपाळींचे वाक्य पुन्हा वाचले. कन्सॉलिडेट केल्यावर स्मार्ट अल्बम रिकामा झाला. जुनी डिस्क काढून घेऊन १९९४ ची एक स्लाइड मोठी करून पाहिली, ती उघडली.

टाइम मशीनसाठी २ टीबीची हार्ड डिस्क आणली. वगळलेल्यांच्या यादीत माझी एसएसडी खरोखरच होती. जुन्या डिस्कवर वर्षवार एक्स्पोर्ट चालू असून २०१९ पर्यंत आले आहे. ते संपले की ती सिन्नरला भावाकडे जाईल आणि दिवाळीनंतर तिच्या जागी नवी ठेवीन. अंजनेरीच्या चित्रांचे स्थान मात्र भावालाही नको, म्हणून तेवढे फोल्डर त्या डिस्कवर न ठेवता एका वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या डिस्कवर घेते आहे, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवते आहे.

लॅपटॉपवरची मूळ लायब्ररी अजून पुसलेली नाही. टाइम मशीनची पहिली फेरी पूर्ण होऊन तिच्यातून दहा-बारा चित्रे परत काढून पाहिल्यावरच पुसणार आहे. तोपर्यंत कॅमेऱ्याची कार्डे थेट एसएसडीवरील लायब्ररीत उतरतील.